पंगुनीतला आवाज

पंगुनी लागली की आमच्या रस्त्यावरचे कर्णे गप्प होतात. बारावीच्या परीक्षा सुरू झालेल्या असतात. एरवी पहाटेपासून भक्तिगीतं ओतणाऱ्या देवळांनाही कुणीतरी येऊन सांगून जातं, मुलं अभ्यासाला बसलीत, जरा सांभाळून. मार्चचा दुसरा आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा, एवढाच हा तमिळ महिना. कुंभकोणमचं ऊन तोवर पितळेच्या रंगाचं झालेलं असतं. कावेरीत पाणी नसतं, नुसती वाळू आणि तिच्यावर गुरांच्या खुरांच्या रांगा. दुपारी दोन ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. अशा वेळी घराघरांतले बारीक आवाज बाहेर येतात. कुठे कुकरची शिटी, कुठे दिवे बनवणाऱ्याच्या कानशीची करकर, खिडकीशी बसून रसायनशास्त्र पाठ करणारी एखादी मुलगी. आणि माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज.

यमूला जाऊन यंदा बारा वर्षं झाली.

"उळ्ळे यारावदु इरुक्कीङ्गळा?" ती विचारते. आत कुणी आहे का? डावीकडच्या घरातून विचारते. दोन क्षणांनी समोरच्या माडीवरून तेच विचारते, कारण तिथल्या मोबाइलवर तोच भाग जरा मागे चाललेला असतो. मग कोपऱ्यावरच्या घरातून. जणू एकच मुलगी एकाच वेळी तीन दारांशी उभी आहे आणि तिला कुणीच दार उघडत नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या हातात भाजीची पिशवी होती. ती खाली ठेवून मी भर उन्हात तशीच उभी राहिले होते. अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी तोंडात 'ओ' देण्यासाठी जीभही वळली.

तो एका जपानी चित्रमालिकेतल्या मुलीला यमूनं दिलेला तमिळ आवाज आहे. मूळ पुस्तक काळ्यापांढऱ्या चित्रांचं, आठवड्याआठवड्याला थोडं थोडं छापून येणारं. त्याची सुरुवात झाली तेव्हा मी शाळेत होते. चित्रकार आता म्हातारे झालेत म्हणतात, तरी ते अजून काढतातच. कथा तशी साधी. पुरात गाव वाहून गेलेली दहा वर्षांची एक मुलगी छोट्या होडीत बसून, हातात कंदील घेऊन, अर्ध्या बुडालेल्या गावांमधून फिरते. प्रत्येक दाराशी होडी लावते आणि विचारते, आत कुणी आहे का? आत कुणीतरी असतंच. कुणाचा मुलगा परतलेला नसतो, कुणाची बायको. त्यांचा निरोप घेऊन ती पुढे जाते, कधी पोचवते, कधी पोचवू शकत नाही. तिचं स्वतःचं घर तिला शेकडो भागांनंतरही सापडलेलं नाही.

पोरांसाठीची गोष्ट ही, पण तिच्या पायी आमचं गाव वेडं आहे. केस कापायच्या दुकानाच्या काचेवर ती आहे. तीन रिक्षांच्या मागच्या काचेवर आहे. गेल्या वर्षी तिरुवलंचुळीच्या रस्त्यावर एका लग्नाचा भलाथोरला फ्लेक्स लागला होता. नवरा-नवरीचे फोटो, मामांचे फोटो, गळ्यात सोन्याच्या साखळ्या घातलेल्या मित्रांची रांग, आणि त्या रांगेच्या शेवटी, त्यांच्यातलीच एक असल्यासारखी, कंदील घेतलेली ही मुलगी. नवरा पंचविशीचा असेल. तो दहा वर्षांचा होता तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्याचं आता पोट सुटलंय, ती अजून दहा वर्षांचीच आहे. मला वाटतं, लोक तिला सोडत नाहीत ते यासाठीच. आपण तिच्यापासून कितीही लांब गेलो तरी ती जिथल्या तिथे असते. बरं वाटतं ते. थोडी भीतीही वाटते.

आता आमच्याबद्दल सांगायला हवं. आम्ही तंजावरच्या राजवाड्यामागून या मुलखात आलेली माणसं. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. आमची मराठी शिवरायांच्या काळी निघाली ती वाटेत थांबलीच. पुण्यात मी नोकरीला होते तेव्हा ऑफिसातल्या बायका मला हसायच्या, सगुणा, तू जुन्या पत्रातल्यासारखी बोलतेस म्हणायच्या. 'मला' ऐवजी 'मज', 'तुला' ऐवजी 'तुज'. 'च' आणि 'ठ' तमिळ वळणाचे. आईला आम्ही अम्मा म्हणतो, वडिलांना अप्पा, थोरल्या बहिणीला अक्का. मी अक्का. यमू माझ्याहून बारा वर्षांनी लहान. अम्माला ती फार उशिरा झाली. त्यासाठी अम्मा तिरुक्करुगावूरच्या देवीला पायी गेली होती आणि तिथलं मंतरलेलं तूप रोज बोटाच्या टोकाएवढं खाल्लं होतं. "ही देवीची, मी राखण करतों आहे," ती म्हणायची.

मी तेव्हा चेन्नईत होते, परदेशी मालिकांचे संवाद तमिळमध्ये उतरवायचं काम करत होते. त्या मुलीच्या आवाजासाठी एक ठरलेली मुलगी ऐन वेळी आली नाही. यमू नुकतीच बारावीची परीक्षा देऊन माझ्याकडे सुट्टीला आलेली. गंमत म्हणून मी तिला काचेच्या त्या खोलीत उभी केली. ध्वनी सांभाळणारा सेल्वम नावाचा माणूस होता. त्यानं कानाला यंत्र लावलं, यमूनं पहिलं वाक्य म्हटलं आणि सेल्वमनं माझ्याकडे वळून हाताचा पंजा वर केला, म्हणजे थांबा, कुणी हलू नका.

तीन वर्षं तिनं तो आवाज दिला. कॉलेज करत करत. मी मधल्या काळात पुण्याला गेले, ती चेन्नईतच राहिली. एकदा एका भागात धुक्यातून दुसरी एक मुलगी पळत जाते आणि ही तिला हाक मारते, तिथे तमिळ वाक्य लिहिलेलं होतं. पण यमू त्या चित्रात इतकी रमली की तिच्या तोंडून निघून गेलं, "थांब गे!" सेल्वमला वाटलं, मूळ जपानी शब्द असेल. तसंच राहिलं. तमिळ मुलखातली पोरं तेव्हापासून खेळताना एकमेकांना 'ताम्बगे' म्हणून ओरडतात. त्याचे टी-शर्ट निघाले. जपानीत त्याचा अर्थ 'मी तुझ्यासोबत आहे' असा होतो, असं मला एका रिक्षावाल्यानं छातीठोकपणे सांगितलं आहे.

बारा वर्षांपूर्वीच्या पंगुनीत, बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेच्या दिवसांत, यमूला ताप आला. तो डोक्यात गेला. पाच दिवसांत संपलं. मी पुण्याहून पोचले तेव्हा तिच्या पायांचे अंगठे बांधलेले होते. अप्पा आधीच गेले होते, त्यामुळे सगळं मामांनी केलं. तेराव्याला जेवणं चालली असताना शेजारच्या घरातल्या टीव्हीवर तिनं विचारलं, आत कुणी आहे का? ध्वनिमुद्रण पुढच्या कित्येक आठवड्यांचं झालेलं होतं. शेजारीण धावत जाऊन टीव्ही बंद करणार तोच पंगतीत वाढणारी अम्मा म्हणाली, "बंद करू नकों. मुलं पाहताहेत."

त्यानंतर दुसऱ्या दोन मुलींनी तो आवाज देऊन पाहिला. लोकांनी ऐकूनच घेतला नाही. तमिळमधली मालिका तिथेच थांबली. जपानात ती पुढे जात राहिली, आमच्याकडे जुनेच भाग फिरत राहिले, टीव्हीवरून मोबाइलवर आले, आणि त्यांत यमू.

चार वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून कुंभकोणमला अम्माजवळ राहायला आले. घरूनच संवाद लिहायचं काम करते. ज्या पंगुनीबद्दल सांगते आहे ती गेल्या वर्षीची.

दुपारी जेवण झालं की अम्मा बाहेर पडायची. पंचाहत्तरीची बाई, डोक्यावर पदर, हातात रिकामी वाटी. कढीपत्ता आणायला जातों म्हणायची. आमच्या परसात कढीपत्त्याचं झाड आहे. आठवडाभरानं हे माझ्या लक्षात आलं आणि एका दुपारी मी तिच्या मागे गेले.

ती पट्टू मामींच्या घरी थांबली. पट्टू मामी इडलीचं पीठ दळून विकतात. त्यांची नात बारावीला होती, आणि पेपर संपवून आली की डोकं हलकं करायला ही मालिका लावायची. अम्मा आत गेली नाही. बाहेर भिंतीला लागून बसायला जो ओटा असतो, आम्ही तिण्णै म्हणतो, तिथे खांबाला टेकून बसली. आतून होडी काठाला लागल्याचा आवाज आला. पाण्याचा आवाज. मग यमू.

"आत कुणी आहे का?"

अम्माचे ओठ हलले. मी तीन हातांवर होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"आहें गे," ती म्हणाली. "आहें."

मी तशीच मागे फिरले. रस्त्यावर माझी सावली माझ्या पुढे पडली होती. घरी येऊन पाणी प्यायले. वाटलं होतं, अम्मानं हे सगळं केव्हाच मागे टाकलंय. मीच टाकलेलं नाही, असं समजून चालले होते.

थोड्या वेळानं ती आली. वाटीत खरंच कढीपत्ता होता.

"किती घरं आहेत?" मी विचारलं.

तिनं विचार करायला वेळ घेतला नाही. "मामींकडे तीन वाजतां. मग दिवेवाल्याकडे. शुक्रवारी शिंप्याकडे सुद्धां. परीक्षा सरल्या की पोरं गावाला जातात, मग ऐकूं येत नाही."

"अम्मा, माझ्या फोनवर लावून देते की. हवा तेवढा वेळ ऐक."

"नकों," ती म्हणाली. "घरांत नकों. घरांत ती गेली आहे."

त्याच आठवड्यात सेल्वमचा फोन आला. अकरा वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. फोनवर काही सांगेना. मी येतो, म्हणाला, अम्मांना भेटायचं आहे. चेन्नईहून सकाळच्या गाडीनं तो आला, दाराशी चपला काढून अम्माच्या पाया पडला. केस पांढरे झाले होते. हातात लॅपटॉपची काळी बॅग, आणि ती त्यानं खाली ठेवलीच नाही, मांडीवर घेऊन बसला.

कॉफी झाली. मग तो बोलायला लागला, जमिनीकडे बघत. मालिकेचे पुढचे सगळे भाग आता तमिळमध्ये आणायचे ठरले होते. मागणी फार होती. आणि मागणी एकाच गोष्टीची होती, जुना आवाज हवा. आता असं यंत्र निघालं आहे की माणसाचा आवाज पुरेसा ऐकवला तर ते त्याच आवाजात वाटेल ते बोलतं. सेल्वमकडे यमूचं सगळं मुद्रण होतं. चुकलेलं, हसलेलं, खोकलेलंसुद्धा. त्यानं काहीच पुसलं नव्हतं.

"घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय करणार नाहीत," तो म्हणाला. "मीच म्हणालो, मी जाऊन विचारतो. दुसऱ्या कुणी विचारू नये."

खरं सांगते, माझ्या मनात आधी 'हो' आलं. पुढचे भाग मीच लिहिले असते. मी लिहायचं आणि यमूनं बोलायचं, पूर्वीसारखं. मी अम्माकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"ऐकव," ती म्हणाली.

सेल्वमनं लॅपटॉप उघडला. नव्या भागातली तीन वाक्यं होती, यमूनं आयुष्यात कधी न म्हटलेली. पंखा फिरत होता. यमू बोलली. पुरानंतर उगवलेल्या गवताबद्दल काहीतरी होतं. शब्द माझ्या कानात शिरलेच नाहीत, कारण पहिल्या शब्दाच्या आधी तिनं श्वास घेतला होता. बोलण्याआधी यमू असा बारीकसा श्वास घ्यायची, पाण्यात उडी मारण्याआधी घ्यावा तसा.

"हा श्वास तुम्ही घातलात?" मी विचारलं.

"नाही," सेल्वम म्हणाला. "तो ते आपणहून घेतं. आम्ही काढायचा प्रयत्न केला. मग आवाज तिचा वाटत नाही."

अम्माचं बोट तांदळात थांबलं होतं. तिनं विचारलं, "तें आमची भाषा बोलेल का?"

सेल्वमला कळेना. मी समजावलं. त्यानं मान हलवली, म्हणाला, मराठी त्याला शिकवलेली नाही, पण तमिळ अक्षरांत लिहून द्या, जे लिहिलंय ते वाचेल. आमच्या घरी मराठी तशीही तमिळ अक्षरांतच लिहितात. अप्पांची सगळी पत्रं तशीच आहेत. मी लॅपटॉप जवळ ओढला.

"काय लिहू?"

अम्मानं सूप बाजूला सरकवलं. ती एकेक शब्द तोडून बोलली, मला नीट लिहिता यावा म्हणून.

"अम्मा, मज ताप आहे. तूं ये."

मी बोटं अक्षरांवर ठेवली. आजारपणात यमूचा अम्माला एकच फोन आला होता. त्यात ती म्हणाली होती, मज कांहीं नाही, तूं येऊं नकों, परीक्षा झाली की मीच येतों. अम्मानं हे वाक्य नातेवाइकांना इतक्यांदा सांगितलं होतं की ते आमच्या घरात भांड्यासारखं झालं होतं. आणि आता ती त्याच्या जागी दुसरं ठेवून बघत होती. मी लिहिलं. सेल्वमनं कळ दाबली.

श्वास. मग, "अम्मा, मज ताप आहे. तूं ये."

यंत्राला मराठी येत नव्हती. ते तमिळ वाचल्यासारखं वाचत होतं, आणि आम्ही तीनशे वर्षं तशीच मराठी बोलत आलोय. 'ठ' नाही, 'भ' नाही, सगळं मऊ. पुण्यातल्या कुणा मुलीच्या तोंडून ते वाक्य आलं असतं तर चुकलं असतं. हे कुठेच चुकलं नाही. आमच्या स्वयंपाकघरातून यमूनं हाक मारावी तसंच होतं.

अम्मा उठली. आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. पण कपाटाची कडी वाजली, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्रवासाला नेते ती कापडी पिशवी होती. आमच्याकडे न बघता ती दाराशी गेली, चपला पायांत सरकवल्या, आणि एक पाय पायरीवर ठेवला. बाहेर ऊन असं होतं की रस्ता पांढरा दिसत होता. सेल्वम उभा राहिला. मीही उठले, पण भिंतीलाच चिकटून राहिले, हाक मारायचं धैर्य होईना. पिशवीचा बंद तिच्या मनगटाला गुंडाळलेला होता. बसला निघालेली बाई जशी घराकडे एकदा वळून बघते तशी ती वळली, आणि मला बघून थांबली.

किती वेळ ती तशी एका पायावर भार देऊन उभी होती, सांगता येणार नाही. रस्त्यावरून सायकलवर मातीची मडकी घेऊन कुणीतरी गेलं. मग तिनं चपला काढल्या. आत येऊन सेल्वमसमोर बसली. पिशवी मांडीवर घेतली, त्यानं बॅग घेतली होती तशीच.

"काढून टाक ते," ती त्याला तमिळमध्ये म्हणाली. "सगळं. माझ्यासमोर."

"अम्मा, हे वाक्य पुसतो. पण मालिकेचं—"

"मालिकेचंही नको. ऐक, तुझ्यावर राग नाही. पण हिला जे बोल म्हणाल ते ही बोलेल. आज मी म्हटलं ते बोलली. उद्या दुसरा कुणी काही म्हणेल, तेही बोलेल. माझी मुलगी अशी नव्हती. शेवटी ती माझ्याशी खोटं बोलली. पण ते तिनं ठरवून सांगितलेलं खोटं होतं. माझ्याकडे तिचं तेवढंच आहे. ते असू दे."

 लॅपटॉप तिच्याकडे फिरवून सेल्वमनं पुसून दाखवलं. अम्माला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, तरी ती शेवटपर्यंत बघत राहिली. निघताना दाराशी तो मला म्हणाला, "नाही म्हणाल्या, बरं झालं. चार महिने मी त्या यंत्राशी बसतोय. हल्ली रोज सकाळी ते सुरू केलं की मी त्याला वणक्कम म्हणतो."

त्यानं जाऊन काय सांगितलं ठाऊक नाही, पण कंपनीनं ऐकलं. पुष्कळ मुलींना बोलावून शेवटी एकीला घेतलं. ती तिरुप्पनंदाळची आहे, शाळेत यमूच्या आवाजाची नक्कल करून बक्षिसं मिळवलेली. सेल्वमनं तिला नक्कल करू दिली नाही. तुझ्या घशातून जे येतं ते दे, म्हणाला. पहिले काही आठवडे पोरांनी फार नाकं मुरडली. मग एका भागात तिला हसू आवरलं नाही आणि ते तसंच राहिलं. तिथून पोरं तिच्या बाजूची झाली. लोकांची माया अशी पातळ आणि अशी चिवट असते. आता या पंगुनीत रस्त्यावर दोन आवाज आहेत. ज्यांना जुने भाग आवडतात त्यांच्या घरातून यमू विचारते, बाकीच्यांतून ती दुसरी. अम्मा फक्त पट्टू मामींकडे जाते, आठवड्यातून एकदा, नवा भाग येतो त्या दिवशी. वाटी नेत नाही. आत जाऊन खुर्चीवर बसते. मामींनी मला सांगितलं, ती बोलत काही नाही, भाग संपला की फक्त विचारते, "मग, पोचली का घरी?" आणि नाही म्हटलं की उठते.

पण सेल्वम गेला त्या दुपारचं एक मी अजून लिहिलेलं नाही.

तो गेल्यावर अम्मा ओसरीवरच बसून होती. पिशवी अजून मांडीवर. मी पेले उचलायला वाकले आणि तशीच खाली बसले.  यंत्रातून यमूचं ते वाक्य आलं तेव्हा अम्मा दाराकडे गेली होती. मी गेले नव्हते. मी भिंतीला चिकटले होते. कारण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

"अम्मा," मी म्हटलं, "तिनं मज सांगितलं होतं."

तिनं वळून पाहिलं.

"तुझ्याशी बोलली त्याच दिवशी. सकाळी. पुण्याला फोन केला होता."

 कावळा भिंतीवर येऊन बसला, गेला. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही, आणि क्षणभर मी तसंच असावं म्हणून देवाला हात जोडले. मग ती म्हणाली, "काय म्हणाली, तें सांग. तिचे शब्द सांग. तुझे नकों."

अकरा वर्षं मी ते कुणापुढे उच्चारले नव्हते. पण एकही शब्द हललेला नव्हता.

"अक्का, मज ताप आहे, तीन दिवस झाले. उतरत नाही. अम्माला सांगूं नकों, ती परीक्षा टाकून ये म्हणेल. दोनच पेपर राहिलेत. तूं सांगूं नकों."

"पुन्हां सांग."

मी सांगितलं. माझा आवाज जाड आहे, यमूसारखा मुळीच नाही. अम्मानं डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मध्येच मला रडू फुटलं, आणि तिनं वाट पाहिली, वाक्य पुरं होईपर्यंत.

"आणि तूं तिला काय म्हटलंस?"

"बरं म्हटलं," मी म्हणाले. "ऑफिसांत होतें. बरं, औषध घे, म्हटलं."

अम्मानं हळूहळू मनगटावरचा बंद सोडला. पिशवी उघडली. आत एक लुगडं, टॉवेल आणि थर्मामीटर होता. थर्मामीटर काढून तिनं तो उजेडाकडे धरला, पारा कुठे आहे ते बघितलं, आणि झटकून परत खाली उतरवला. मग तो माझ्यासमोर ठेवला. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते.

"तुज ताप आला तर मज सांगशील," ती म्हणाली, आणि पेले विसळायला आत गेली.